वितळत्या घड्याळांचं पणजीत काय काम?

पणजीतली जुनी घरं हॉटेलं होऊ लागली त्याला आता बराच काळ लोटला. कुणी पोर्तुगीज जमाना विकतो, कुणी मसाल्याची बाग, कुणी नुसताच पिवळा रंग आणि निळ्या टाइल्स. या रांगेत उद्या अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट), म्हणजे ओळखीच्या वस्तू स्वप्नातल्यासारख्या विसंगत मांडणाऱ्या चित्रकलेला मानवंदना देणारं हॉटेल उभं राहिलं तर नवल वाटायला नको. पॅरिसच्या ल म्युरिस हॉटेलात या शैलीचा स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली वर्षानुवर्षं मुक्कामाला येत असे. तिथल्या रेस्टॉरंटला त्याचंच नाव दिलेलं आहे. दालीची वितळती घड्याळं, बेल्जियन चित्रकार मॅग्रितचे ढग, ओठांच्या आकाराचा सोफा ही सामग्री जगभरच्या इंटीरियर डिझायनरांच्या हाताशी तयार असते, आणि तिकडची फॅशन मांडवीच्या काठाला लागायला फार दिवस लागत नाहीत.

अशा प्रस्तावाचं नाव काढलं की दोन आवाज ठरलेले. वारसा जपणारे म्हणणार, फोंताइन्हास या पोर्तुगीज काळातल्या वस्तीच्या शेजारी हा तमाशा नको. पर्यटनवाले म्हणणार, फोटो निघतील, खोल्या भरतील, मग नको कशाला? दोघांचंही लक्ष ते दिसेल कसं यावर. ते कशाचं बनलेलं असेल आणि कुठे संपेल, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते असं हॉटेल पणजीत जरूर व्हावं. भारतातल्या फार थोड्या शहरांचा त्यावर इतका हक्क आहे. पण ते छपाईच्या दुकानातून येऊ नये, आणि उंबरठा ओलांडून रस्त्यावर उतरू नये.

आधी छपाईचं बघू. दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र १९३१ चं. ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे आणि त्याचं माप आहे २४ बाय ३३ सेंटिमीटर, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा दोन बोटं मोठं. त्यात एक घड्याळ पालथं आहे आणि त्याला मुंग्या लागल्या आहेत. दुसऱ्याच्या तबकडीवर माशी बसली आहे. हे बघायला माणसाला चित्रावर वाकावं लागतं, आणि वाकल्यावरच त्याच्या पोटात किंचित ढवळतं. तेच चित्र बारा फुटांच्या विनाइलवर ताणून रिसेप्शनच्या मागे लावलं की माशी कावळ्याएवढी होते आणि ढवळायचं थांबतं. उरते ती जाहिरात.

त्या चित्राच्या मागे जे कडे दिसतात ते दालीच्या घरचे, कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरचे. मॅग्रितची गोल टोपीवाली माणसं, वीट, धुराडी, रस्त्यावरचा दिवा हे सगळं बेल्जियममधल्या कुठल्याही मध्यमवर्गीय गल्लीतलं. म्हणजे या मंडळींचं स्वप्न त्यांच्या अंगणात सुरू होत होतं. पणजीत बसून दालीचे कडे छापणं ही त्याला मानवंदना नव्हे. त्याच्या पद्धतीने मिरामारची वाळू, खाजनाची मानस (खाऱ्या शेतजमिनीच्या बांधातलं पाण्याचं दार) आणि बाल्कांवातले, म्हणजे घरापुढच्या ओसरीतले सोपे बघणं, ही ठरेल.

कायद्याचीही बाजू आहे आणि ती मालकांच्या सहसा ध्यानात नसते. भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. दाली १९८९ मध्ये गेला, म्हणजे २०४९ अखेरपर्यंत त्याची चित्रं परवानगीशिवाय भिंतीवर छापता येत नाहीत. त्याच शैलीचा चित्रकार माक्स एर्न्स्ट १९७६ मध्ये गेला, म्हणून २०३६ अखेर. मॅग्रित १९६७ चा, तो २०२८ उजाडताच आपल्याकडे मोकळा होईल. आपल्या गोव्याचे चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझांसाठी २०६२ आणि व्यंगचित्रकार मारियो मिरांडांसाठी २०७१ हे साल धरायचं. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल छापखान्यात देणारा डिझायनर काम उरकून निघून जातो. नोटीस येते ती हॉटेलच्या पत्त्यावर. शैलीवर मात्र कुणाची मालकी नसते. नेहमीची वस्तू भलत्या जागी ठेवण्याची युक्ती कुणीही वापरावी.

आणि खरं मर्म त्या युक्तीतच आहे. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंचा अतिवास्तववादाचा जाहीरनामा १९२४ चा, पण हॉटेल बांधणाऱ्याने त्याच्या पारायणापेक्षा दोन-तीन वस्तू नीट बघाव्यात. मेरेट ओपेनहाइम या चित्रकर्तीने १९३६ मध्ये कप, बशी आणि चमचा केसाळ कातड्याने मढवला. त्यात रंगाची उधळण नाही, चक्रावून टाकणारी भूमिती नाही. फक्त ओठांना नकोशी वाटणारी गोष्ट ओठांना लागणाऱ्या वस्तूवर चढवली. कप खरा आहे, मापात आहे, म्हणून अंगावर काटा येतो.

जागेचं महत्त्व किती, याचं उदाहरण मॅग्रितच्या १९३८ च्या आगगाडीच्या चित्रात आहे. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसमधून धूर सोडत इंजिन बाहेर येतं आहे. ते ज्याच्याकडे गेलं त्या इंग्रज संग्राहक एडवर्ड जेम्सने ते घरातल्या जिन्याच्या पायथ्याशी लावावं, म्हणजे वर जाणाऱ्या पाहुण्यांच्या अंगावर इंजिन येईल, अशी मॅग्रितची इच्छा होती. जेम्सने ते फायरप्लेसच्याच वर टांगलं. चित्र तेच राहिलं, पण धक्का गेला. हॉटेलच्या नकाशात हा प्रश्न पन्नास ठिकाणी येतो: पाहुणा कुठून येतो, कुठे वळतो, त्याची नजर कोणत्या उंचीवर असते. स्पेनमधल्या फिगेरेसच्या दाली संग्रहालयात एक खोली आहे. खाली उभं राहिलं तर सोफा, दोन चित्रं आणि पडदे दिसतात, आणि एका ठरावीक जागी चढून भिंगातून पाहिलं तरच त्यांचा हॉलिवूडची नटी मे वेस्टचा चेहरा होतो. अशी एकच जागा साऱ्या इमारतीत नेमकी साधली तरी पुरे. दर दहा फुटांवर चमत्कार ठेवला की पाहुणा दुसऱ्या दिवशी मान वर करत नाही.

आता पणजीचा हक्क. जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. काळा झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्या समोर एक बाई कलंडली आहे. परगावचा माणूस पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला हा खून वाटतो की चमत्कार, हे कळत नाही. रोज बसमधून जाणाऱ्या पणजीकराला मात्र त्यात काही वावगं दिसत नाही. फारिया १७५६ साली कांदोळीत जन्मला आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये रू द क्लिशीवर लोकांना जाहीरपणे संमोहनाने झोपवून दाखवू लागला. ही झोप झोपवणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या चुंबकी द्रवाने येत नाही, ती झोपणाऱ्याच्याच मनातून येते, हे त्याचं म्हणणं. त्यावरचं त्याचं पुस्तक तो गेला त्याच वर्षी, १८१९ मध्ये, निघालं.

शंभरेक वर्षांनी, १९२२ च्या सप्टेंबरात, तिथून पायी दहा-बारा मिनिटांवर रू फोंतेनवरच्या ब्रेतोंच्या घरी तरुण कवी अंधारात टेबलाभोवती बसून संमोहनाच्या झोपेत बोलू लागले. रोबेर देस्नोस त्यात सगळ्यात पटाईत. प्रकार हाताबाहेर जायला लागला तेव्हा ब्रेतोंने तो बंद केला. जाहीरनाम्याच्या आधीची ही तालीम होती. फारियापासून त्यांच्यापर्यंत सरळ धागा ओढता येतो असा दावा मी करणार नाही. मधे शतकभराचं मानसशास्त्र आहे. पण झोपेत माणसाचं मन स्वतःच काही घडवतं, हा विचार पॅरिसच्या त्या भागात पहिल्यांदा जाहीरपणे मांडणारा माणूस बार्देशचा होता. शिवाय हॉटेल म्हणजे पैसे देऊन झोपायची जागा. इतका सरळ विषय समोर उभा असताना ओठांचा सोफा मागवायचा असेल, तर तो मालकाचा आळस.

दालीचाही भारताशी एक व्यवहार आहे, गमतीचा. १९६७ मध्ये त्याने एअर इंडियासाठी अ‍ॅशट्रे बनवून दिला: मध्ये शिंपला, त्याला विळखा घातलेला साप, आणि खाली असे आधार की सरळ धरले तर हंस, उलटे केले तर हत्तीचं डोकं. मोबदल्यात त्याने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि एअर इंडियाने ते विमानाने पाठवलं. लॉबीतल्या काचेच्या कपाटात ही हकिगत चार ओळींत लावावी. त्याहून जास्त नको.

मग वस्तू कुठल्या आणि हात कुणाचे? गोव्याचा सुतार, लोहार, गवंडी यांना अतिवास्तववाद शिकवावा लागत नाही. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांत उभे राहणारे नरकासुर बघा. बांबू किंवा लोखंडी सळ्यांचा सांगाडा, आत सुकं गवत, वर कागद, आणि मोटर बसवून हलणारे हात, मान, डोळे. पंधरा-वीस फुटांचा तोल जागेवर सांभाळणारी ही पोरं पहाटे सगळं जाळून टाकतात. शिगम्याचे चित्ररथ करणारेही त्यातलेच. हॉटेलला छतातून हळूच पापणी मिटणारा डोळा हवा असेल तर तो मुंबईच्या प्रॉप्सवाल्याकडून मागवायची गरज नाही. फरक इतकाच, की नरकासुर एक रात्र टिकायचा असतो आणि हा डोळा दहा वर्षं. म्हणून गवताच्या जागी फायबर, साध्या तारेच्या जागी ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील, आणि मोटर अशी बसवायची की छत न फोडता काढता येईल. ३०४ प्रतीच्या स्टीलवर इथल्या खाऱ्या हवेत तांबूस ठिपके येतात. मग सगळे सुताराला दोष देतात.

माटोळी हा दुसरा नमुना. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचं शिपटं, तोरंजन, कवंडळ, माट्टां, घागऱ्या बांधून अख्खं रान उलटं लटकवतात. १९३८ च्या पॅरिसच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात मार्सेल द्युशाँ या कलावंताने छताला कोळशाची १,२०० पोती टांगली आणि खालच्या अंधारात लोकांना विजेऱ्या देऊन सोडलं, त्याची अजून चर्चा होते. आपल्याकडे ही गोष्ट दर भाद्रपदात घरोघर चालते. एक सांगायला हवं: माटोळी जशीच्या तशी बारच्या वर टांगू नये. ती देवाची आहे, आणि ज्याला हे समजत नाही त्याने गोव्यात हॉटेल काढू नये. घ्यायची ती तिची विद्या. एकेका फळाचं वजन ओळखून गाठ मारणं, जड वस्तू चौकटीच्या कडेला नेणं, मधला भाग रिता ठेवणं, हे सगळं.

भिंतीसाठी कावी आहे. कोकण, गोवा आणि कारवारच्या पट्ट्यातल्या देवळांवर तांबड्या-पांढऱ्या रंगात जी वेलबुट्टी दिसते ती रंगवलेली नसते, खरवडलेली असते. चुना भिजवून मुरवायचा, त्यात धुतलेली वाळू आणि गुळाचं पाणी घालून गिलावा करायचा. तो ओला असतानाच त्यावर कावेच्या लाल मातीत कालवलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा. मग लोखंडी कोरणीने आणि कर्काटकाने (कंपासने) नक्षी आखून नको तिथला लाल थर खरवडायचा, की खालचा पांढरा उघडा होतो. शेवटी गुळगुळीत गोट्याने घोटायचं आणि पुढचे काही दिवस पाणी मारून थर हळूहळू घट्ट होऊ द्यायचा. मेख अशी, की थर ओला आहे तोवरच खरवडता येतं. म्हणून एका दिवसात जेवढं कोरून होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. जास्त लिंपला तर संध्याकाळपर्यंत कडा ढलप्यांनी उडू लागतात. आता कल्पना करा: लांबून देवळातली वेल वाटते, जवळ गेल्यावर कळतं की तिच्या प्रत्येक पानात एक मिटलेला डोळा आहे. हे काम छापील कागदापेक्षा कितीतरी महाग पडेल, कबूल. पण त्याची उमर पिढ्यांमध्ये मोजतात.

छापील कागदाची उमर पणजीत किती असते, ते कुठल्याही पाऊसकाळ्यानंतर बघावं. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र असतो, तो जमिनीतली ओल वर ओढतो, आणि चुन्याचा गिलावा ती हळूहळू बाहेर सोडतो. त्या भिंतीवर विनाइल चिकटवलं की ओल मागे कोंडते. क्षार फुटतात, चिकटपट्टी सुटते, सांध्यांवर फुगे येतात आणि मागे काळी बुरशी धरते. वरून ऑइलपेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला तरी तेच. जमिनीपासून निदान मीटरभर तरी चुना उघडा ठेवायचा, त्यावर फळी, पॅनेल, कागद काही नाही. एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळ्यांची कोरीव कपाटं तर आणूच नयेत; ती कडांनी पाणी पितात आणि पावासारखी फुगतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचं सागरी प्लाय किंवा नीट वाळवलेला फणस, साग हेच इथे चालतं.

आरसे हा या शैलीचा आवडता दागिना आणि गोव्यातला पहिला बळी. कडेने काळे डाग शिरतात. तांबेविरहित आरसा घ्यायचा, कापलेल्या कडा लगेच लाखेने बंद करायच्या, मागे चार-पाच मिलिमीटर हवा खेळती ठेवायची, आणि आंबट वासाचं सिलिकॉन वापरायचं नाही, कारण त्यातलं आम्ल मागचा मुलामा खातं. जुलैत इथल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं ते, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. खोली २२ अंशांवर गार करून दार उघडं ठेवलं की काच आणि पितळ घामाने निथळणार. छतातून टांगलेल्या पितळी वस्तूखाली पलंग ठेवणाऱ्याने हे आधी वाचलेलं बरं.

टांगण्याचंही शास्त्र आहे. छताला उलटी खुर्ची, उलटं टेबल हा नेहमीचा हट्ट. काँक्रीटच्या स्लॅबला हे जमतं: प्रत्येक वस्तूला दोन स्वतंत्र आधार, म्हणजे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवील. चिऱ्याच्या भिंतीत मात्र फुगणारा अँकर ठोकला तर चिरा फाटतो. तिथे जाळीची नळी घालून रासायनिक अँकर भरावा, किंवा भिंत आरपार छेदून पलीकडे पट्टी लावावी. कौलारू छपराच्या वाशांना काहीच टांगू नये. तुळईला टांगायचं तर आधी ती वाळवीने आतून पोकळ केली नाही ना, हे ठोकून बघावं.

खिडक्यांत शिंपल्यांच्या तावदानांचा मोह होणारच. तो पारदर्शक शिंपला २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आला. समुद्रातून नवा काढायचा विचार सोडावा. मोडलेल्या घरांची जुनी तावदानं मिळतात तेवढीच वापरावीत. सकाळी साडेसातच्या उन्हात त्या तावदानांतून खोलीत जो दुधाळ उजेड येतो तो कुठल्याही दिव्याने येत नाही.

दिव्यांचं निघालं म्हणून मॅग्रितची आणखी एक चित्रमालिका: घरावर रात्र, खांबावरचा दिवा पेटलेला, आणि वर लख्ख दुपारचं आकाश. यातली एक आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १२ कोटी १० लाख डॉलरांच्या वर गेली. तोच देखावा पणजीतल्या रुआ दे ओरेम या रस्त्यावर सूर्य बुडल्यावर काही मिनिटं फुकट दिसतो. हॉटेलच्या आतल्या चौकात तो करायचा तर दोन वेगळ्या वायरिंग लागतात: वर आकाशासाठी ६५०० केल्विनचे निळसर-पांढरे दिवे, खाली भिंतीवर २७०० चे पिवळसर, दोघांचे डिमर स्वतंत्र. वरच्या दिव्यांसमोर सहा इंचांची आडवी पट्टी हवी, नाहीतर निळा उजेड भिंतीवर सांडतो आणि रात्र मरते. बहुतेक ठिकाणी ही पट्टीच विसरतात.

एका बाबतीत मात्र कलेला गप्प बसवलं पाहिजे. खोटी दारं, भिंतीत दडलेली खरी दारं, संपत न येणारा बोळ, लाटांच्या चौकड्यांची फरशी या सगळ्या युक्त्या धुरात जीव घेतात. आग लागल्यावर माणूस विचार करत नाही, दाराच्या आकाराकडे धावतो. ते दार रंगवलेलं निघालं तर? म्हणून सुटकेच्या वाटेवर एकही खोटं दार नको, सुटकेच्या दाराला वेषांतर नको, हिरवी पाटी झाकणारा एकही पडदा नको. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे हॉटेलच्या जिन्याला दीड मीटर रुंदी लागते. ती मोकळी दीड मीटर, त्यात शिल्प ठेवून नव्हे. निमुळता होत जाणारा बोळ करायचाच असेल तर तो आंधळ्या टोकाचा, वाटेबाहेरचा करा. पायऱ्यांवर चौकड्या नकोत. चाळिशी लावणाऱ्या माणसाला कड दिसत नाही आणि तो पडतो. अग्निशमन दलाचा दाखला हातात पडल्यावर सजावट बदलायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दाखला देणाऱ्यांनी सजावटीचा अंतिम नकाशा आधी मागावा.

खोलीत एकच अनोखी गोष्ट असावी. फक्त एक. नळ, बटणं, दिव्यांची कळ, शौचालय हे सगळं शहाण्यासारखं चालावं. रात्री दोनला उठलेल्या माणसाला लॉबस्टरच्या आकाराचा फोन नको असतो, पाणी हवं असतं. शिवाय एक हाउसकीपिंगवाला किंवा वाली पाळीत चौदा-पंधरा खोल्या आवरते. केसाळ खुर्ची, पिसांचा दिवा, सुंभाने मढवलेला आरसा ज्याने आखला त्याने एकदा तरी तो स्वतः झटकून बघावा. पावसाळ्यात पिसांना आणि केसाळ कापडाला महिन्याभरात कुबट वास येतो. सुंभ टिकतो, पण तो उन्हात काढून ठेवता येईल असा खिळ्यांऐवजी बटणांवर बसवावा.

आता रस्ता. फोंताइन्हास, साव तोमे, मळा इथे लोक राहतात. त्यांच्या पायऱ्यांवर बसून, खिडक्यांना टेकून फोटो काढणाऱ्यांनी ते आधीच जेरीस आले आहेत. तिथे दर्शनी भिंतीतून बाहेर येणारं इंजिन किंवा छपरावरून ओघळणारं घड्याळ लावलं, तर फोटोसाठी रांग लागेल ती हॉटेलच्या दारात नव्हे, समोरच्या घराच्या पायरीवर. मग तिथल्या म्हाताऱ्या माणसाने दुपारी झोपायचं कुठे? गोव्याच्या २०१० च्या बांधकाम नियमावलीत संवर्धन क्षेत्र आणि संवर्धन समितीची तरतूद आहे. तिचा उपयोग इथे व्हावा: दर्शनी भागाचं माप, खिडक्यांची रचना, कौलं, बाल्कांव आहेत तसे राहतील, पाटी लहान असेल, बाहेर रंगीत झोतदिवे नसतील, आणि फोटोसाठी मांडलेली कुठलीही वस्तू रस्त्यावरून दिसणार नाही. आतल्या चौकात, माडीवर, मागच्या अंगणात मालकाने काय वाटेल ते स्वप्न बघावं. तसंही रस्त्यावरून साधं घर आणि आत गेल्यावर पायाखालची जमीन सरकणं, हाच या कलेचा खरा डाव. बाहेरच सगळं सांगून टाकणाऱ्याकडे आत सांगायला फारसं काही नसतं, असा माझा समज आहे.

यावर कुणी विचारील, चांगलं-वाईट ठरवणारे तुम्ही कोण? रास्त प्रश्न आहे. समितीने अभिरुची ठरवू नयेच. एखाद्याला आत प्लास्टिकची घड्याळंच लावायची असतील तर ती त्याची खुशी, लोक खोली घेतील किंवा नाही. समितीने मोजता येईल तेवढंच मोजावं: दर्शनी भाग, उजेड, आवाज, पाणी, मैलापाणी, गाड्या, सुटकेची वाट. स्थानिक कारागिरालाच काम द्या, अशी सक्तीही कायद्याने करता येईल असं वाटत नाही. सरकारला मात्र एक गोष्ट सहज करता येते: कावीचं, चुन्याचं, शिंपल्याच्या तावदानांचं काम करणाऱ्यांची तालुकावार यादी लावणं आणि जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी देताना ती मालकाच्या हातात ठेवणं. आज मालकाला चुन्याचा गवंडी सापडत नाही आणि गवंड्याला मालक. मधल्या जागेत विनाइलवाला बसलेला असतो, दुसऱ्या दिवशी माणूस पाठवायला तयार.

मेक्सिकोत शिलित्लाच्या रानात त्याच एडवर्ड जेम्सने काँक्रीटचं एक अद्‌भुत उद्यान उभारलं. १९६२ मध्ये अवचित पडलेल्या हिमाने त्याची ऑर्किडं मेली, तेव्हा मरणार नाहीत अशी झाडं त्याने काँक्रीटमध्ये ओतायला घेतली. लाकडी साचे गावातल्या सुतारांनी केले, आणि काम तो १९८४ मध्ये मरेपर्यंत चालू होतं. कुठेही न जाणारे जिने तिथे आजही पावसात उभे आहेत.

पणजीतल्या मालकाकडे वीस वर्षं नसतात, हे कळतं. त्याला डिसेंबर गाठायचा असतो. पण चुन्याचं काम पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात हाती घ्यायचं आणि फेब्रुवारीपर्यंत निवांत चालू द्यायचं असतं. म्हणजे उद्घाटन त्या हंगामात नव्हे, पुढच्या ऑक्टोबरात. कर्जाचा हप्ता, कर्मचाऱ्यांची भरती, संकेतस्थळावरचं आरक्षण हे सगळं या तारखेभोवती आखावं लागतं, आणि ते नकाशा काढायच्या आधी ठरवावं लागतं. नाहीतर नोव्हेंबरात पंखे लावून चुना वाळवतात, मार्चमध्ये तो तडकतो, आणि मग त्याच तड्यांवर विनाइल येऊन बसतं.